बसची दुसरी फेरी

"मीठ संपलंय का गं?" एवढंच मी विचारलं होतं.

पद्मजानं पळी पातेल्यात ठेवली, माझ्याकडे वळली, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाली, "तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो तुम्ही इतक्या मोकळेपणानं विचारलात, याचा मला मनापासून आनंद आहे. खरं तर हा प्रश्न केवळ मिठाचा नाही..."

"आई," त्रिशलानं ताट पुढे सरकवलं, "आमटी अळणी आहे. मीठ आहे की नाही?"

"आहे. फळीवरच्या बरणीत." पद्मजा ओशाळली आणि तिनं स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "सवय लागलीय गं तोंडाला. रविवारची सभा झाली की जाईल."

"जाईल कशाला? निवडून आलीस तर पुढची पाच वर्षं तेच लागणार आहे." त्रिशलानं बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. "आणि आत्ताच सांगून ठेवते. तू अशीच बोलणार असशील, तर माझं पहिलं मत नोटाला."

पद्मजानं पळी पुन्हा उचलली. मी आमटीत मीठ घालून ढवळत बसलो, दुसरं काय करणार?

मी बाहुबली चौगुले. नाव ऐकून कुणी माझी छाती मापायला येऊ नये. वडगिरीच्या बाजारपेठेत माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्याचं शटर वर करायलासुद्धा मी शेजारच्या पानवाल्याला हाक मारतो. माझी बायको पद्मजा दोनदा नगरसेविका झाली. यंदा शहर आघाडीनं तिला नगराध्यक्षपदासाठी उभं केलं. आमची एकुलती एक त्रिशला एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच मतदान करणारी. ही मुलगी बोलली की करते आणि हा गुण तिनं माझ्याकडून घेतलेला नाही. त्यामुळे नोटाचं बोलणं पद्मजाला फार लागलं होतं. रात्रभर कूस बदलत होती.

हे सगळं सुरू झालं नव्या नियमामुळे. मागच्या निवडणुकांपासून नगराध्यक्षपदाच्या प्रत्येक उमेदवाराला युवा प्रश्नसभा सक्तीची झाली. पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून वीस जण निवडायचे, उमेदवाराचे नातेवाईक आणि कार्यकर्ते वगळून. उमेदवारानं त्यांच्यासमोर तासभर एकट्यानं बसायचं. कानात काही नाही, हातात कागद नाही, मनगटावर घड्याळसुद्धा नाही. आणि सगळ्यांत अवघड कलम असं, की प्रश्न विचारणाऱ्यानं समाधान झालं तरच बसायचं. तोवर तो उभा राहू शकतो, पुन्हा विचारू शकतो, बाकीचेही त्याच्या बाजूनं उठू शकतात आणि उभ्या राहिलेल्याला 'बस खाली' म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. तास संपताना किती जण उभे आहेत, हे सारं गाव मोबाईलवर बघत असतं.

पहिल्या वर्षी भल्याभल्यांची भंबेरी उडाली. आमच्या शेजारच्या गावचा उमेदवार पाणी पिऊन पिऊन अख्खा तांब्या संपवून बसला, तरी निम्मी पोरं उभीच. दुसऱ्या एकानं उभ्या राहिलेल्या मुलाला "कुणाचा रे तू?" असं विचारलं, आणि त्या एका वाक्यावर निवडणूक घालवली.

पद्मजाचं बोलणं मला तोंडपाठ आहे, कारण त्यातलं निम्मं मलाच उद्देशून असतं. चिडली की फटकन बोलते, चुकली की 'चुकलं' म्हणते, माहीत नसलं की 'बघून सांगते' म्हणते आणि खरंच बघून सांगते. याच बोलण्यावर ती दोनदा निवडून आली. पण आघाडीच्या कार्यालयात सरावासाठी पोरं बसवली, तेव्हा एकानं विचारलं, "कचऱ्याची गाडी रोज का येत नाही?"

"येते तेव्हा तू झोपलेला असतोस," पद्मजा म्हणाली.

पोरं खो खो हसली. आघाडीचे प्रमुख शिवलिंगअण्णा मात्र हसले नाहीत.

"वहिनी, गल्लीत हे चालतं," ते म्हणाले. "सभेत असं बोललात तर वीसच्या वीस उभे राहतील. मी पुण्याहून माणूस बोलावतो."

तो माणूस म्हणजे कैवल्य देवस्थळी. तिशीतला, नम्र, चष्म्याचा नंबर वाढूनही चष्मा न बदललेला. त्याच्या यंत्राचं नाव 'प्रतिसभा'. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर त्यानं भिंतभर अर्धगोल पडदा लावला आणि त्या पडद्यावर वीस तरुण मुलंमुली आणून बसवल्या. कुणी नखं खातंय, कुणी शेजारणीच्या कानात कुजबुजतंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना नमस्कार करून बसलो.

"ही माणसं नाहीत, काका," कैवल्य हसू दाबत म्हणाला. नंतर माझ्या दुकानात डोळे तपासून घेताना त्यानं मला नीट समजावलं. "भाषा शिकणारं यंत्र काय करतं, तर लाखो वाक्यं ऐकून हे ओळखायला शिकतं, की अमुक बोलण्यावर माणूस साधारण काय बोलेल. मग आम्ही त्याला एक जन्म देतो. सांगतो, तू वीस वर्षांचा, यंत्रमाग कामगाराचा मुलगा, आयटीआय केलंस, नोकरी नाही. की ते त्या जागेवरून बोलायला लागतं. असे वीस जन्म. शिवाय प्रत्येकाच्या आत समाधानाचा एक काटा बसवलेला. मॅडम बोलायला लागल्या की कॅमेरे त्यांचा चेहरा, आवाज, शब्द टिपतात आणि काटा वर-खाली होतो. पुरेसा वर गेला की तो मुलगा खाली बसतो."

"आणि काटा कशानं वर जायचा, हे कुणी ठरवलं?"

"कुणी ठरवलेलं नाही, ते उदाहरणांवरून शिकतं. हजारो भाषणं आणि प्रत्येकाला माणसांनीच दिलेले गुण. जास्त गुणांच्या बोलण्यात जे असतं, ते ऐकलं की काटा चढतो."

मला पटलं. मी त्याला नवा नंबर काढून दिला.

पहिल्या दिवशी पडद्यावरचे जवळजवळ सगळे उभे राहिले. पद्मजा संतापून घरी आली. दुसऱ्या दिवशी ती आधी प्रश्नाचं कौतुक करायला शिकली, तिसऱ्या दिवशी प्रश्न मोठा करून सांगायला, मग आवाज खाली आणून एखादी आठवण पेरायला आणि शेवटी वाक्य असं उचलून ठेवायला, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टाळीकडे जावा. तीन आठवड्यांत कैवल्यच्या टॅबवरचा आकडा शंभरात ब्याण्णववर गेला. शिवलिंगअण्णांनी पेढे वाटले.

त्या सुमारास तिची पॉलिटेक्निकमध्ये एक खरी सभा झाली. एका मुलानं वसतिगृहाच्या पाण्याबद्दल विचारलं. पद्मजा पाण्यावर इतकं सुंदर बोलली, की मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले प्राध्यापकसुद्धा हलले. पोरांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. पुढे कुणी काही विचारलं नाही आणि सभा वेळेआधी संपली. पद्मजा उड्या मारतच घरी आली.

"मोबाईलवर टाळ्या ऐकल्यास ना?" तिनं त्रिशलाला विचारलं.

"ऐकल्या. पाणी येणार आहे का तिथं?"

"अगं, तुझा प्रश्न..."

"रास्त आहे. माहितीय मला." त्रिशला आत निघून गेली. आईच्या प्रचाराला ती एकदाही आली नव्हती, आणि मिठाच्या त्या दिवसानंतर घरातही मोजकंच बोलायची. पद्मजा तिला समजावायला गेली की तेच गोड, गोलगोल बोलणं तोंडातून बाहेर पडायचं, मग त्रिशला अजूनच गप्प व्हायची. मला दोघींची काळजी वाटायची. माझ्या घरात भांडण झालं तरी चाललं असतं, पण भांडणच होईना.

शुक्रवारी मी त्रिशलाला ओढूनच तालमीला नेलं. "एकदा बघ तर खरं," म्हटलं, "मग नोटाला दे, नाहीतर कुणालाही दे."

इथं त्रिशलाबद्दल थोडं सांगायला हवं. अकरावीपासून तिनं आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या. आमच्याकडे ढाली ठेवायला जागा नाही. एक ढाल आम्ही गच्चीचं दार आपटू नये म्हणून लावतो. गेल्या वर्षी तिनं स्पर्धा एकदम सोडल्या. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "पप्पा, सकाळच्या फेरीत विषयाच्या बाजूनं बोलले, दुपारी विरुद्ध. दोन्ही वेळा तितक्याच तावातावानं. दोन्हीकडं पहिला नंबर. मग मलाच माझा भरवसा वाटेना."

तर आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. पडद्यावर एक मुलगी उठली. तिनं डोळे विस्फारले, हात पुढे केला आणि म्हणाली, "नदी सुकली! यंत्रमाग थांबले! आमच्या डोळ्यांतली स्वप्नं करपली! मग सांगा ताई, या अंधाराला जबाबदार कोण?"

पद्मजा उत्तर द्यायला लागली. काटा चढला. मुलगी बसली. मग एक मुलगा उठला, तोही तसाच गरजला, तोही बसला.

त्रिशला हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघडच.

"काय झालं?" पद्मजानं वळून विचारलं.

"आई, असं कोण बोलतं? तीन वाक्यं चढत्या आवाजात, मग थांबायचं, मग 'जबाबदार कोण?' हे आमचे सर आम्हाला घोटवून घ्यायचे!" ती उठून पडद्यापाशी गेली. "दादा, त्या मुलाला परत उभा करा. मागचं दाखवता येतं ना? हं. आता बघा, बसायच्या आधी त्याची नजर डावीकडे गेली. आता ती मुलगी. तिचीही. हा तिसरा बघा."

खरंच होतं. वीसच्या वीस जण बसताना डावीकडे कशाकडे तरी चटकन बघून घेत होते.

"काय आहे तिकडं?" मी विचारलं.

"घंटा. परीक्षकांच्या टेबलावर असते. पहिली वाजली की आवरतं घ्यायचं, दुसरी वाजली की बसायचं. बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडंच असतं." त्रिशला कैवल्यकडे वळली. "दादा, ही पोरं तुम्ही वक्तृत्व स्पर्धेतून उचललीत ना?"

कैवल्यच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तो लॅपटॉप उघडून बराच वेळ खाली-वर करत बसला. मग चष्मा काढून म्हणाला, "हो. आम्हाला मराठीत चिडून, स्पष्ट, सलग बोलणाऱ्या तरुण मुलांचे आवाज हवे होते. ते मिळेनात. मुलं एकमेकांशी निम्मं इंग्रजी अक्षरांत बोलतात, निम्मं चित्रं पाठवून. मग एका संस्थेकडे महाविद्यालयीन स्पर्धांची ध्वनिमुद्रणं मिळाली. पंचवीस वर्षांची. शिवाय प्रत्येक भाषणाला परीक्षकांचे गुण. आयते! आम्हाला वाटलं, लॉटरी लागली."

"म्हणजे तोंड पोरांचं, आणि आतला काटा परीक्षकांचा," त्रिशला म्हणाली.

"हो," कैवल्य कसनुसं हसला. "तसंच झालंय."

"परीक्षकांना उत्तर नको असतं, दादा. त्यांना शेवट चांगला हवा असतो. आणि स्पर्धेत पुन्हा उठून उलट कुणी विचारत नाही."

पद्मजा पडद्याकडे वळली. हळूच म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे मी माझ्याच वयाच्या माणसांना खूश करत होते?"

पडद्यावरचे वीस जण टक लावून तिच्याकडे बघत होते.

कैवल्यनं हिशोब करून सांगितलं, की नव्यानं शिकवायचं तर दोन महिने लागतील. सभा परवावर आलेली. शिवलिंगअण्णांना फोन लावला तर ते म्हणाले, "वहिनी, समोरच्याकडेही असलंच यंत्र आहे. त्याचा आकडा सत्त्याऐंशी, आपला ब्याण्णव. आता काही बदलू नका, पाया पडतो."

घरी येताना गाडीत पद्मजा खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "सोड ते यंत्र. तुझं तू बोल, पहिल्यासारखं."

"अहो, तेच तर," ती म्हणाली. "पहिल्यासारखं येतच नाही आता. मी आतून शोधते, तर आधी ते गोड वाक्यच हाताला लागतं. पोरीशी बोलतानासुद्धा. मला भीती वाटते हो."

मागच्या सीटवर त्रिशला होती. तिनं कानांतले इअरफोन काढले होते, एवढं मी आरशात बघितलं.

रविवारी सकाळी टाऊन हॉल भरला. पुढे वीस खुर्च्या, त्यांच्यासमोर एक टेबल आणि पद्मजा. पुढच्या खुर्च्या सोडून मागे आम्ही प्रेक्षक. माझ्या एका बाजूला त्रिशला, दुसऱ्या बाजूला कैवल्य, मांडीवर टॅब घेऊन. टॅबवर प्रतिसभेचा अंदाज चालू होता, पडद्यावरची पोरं असती तर किती खूश झाली असती त्याचा.

पहिला प्रश्न क्रीडांगणाचा, दुसरा परवान्यांचा. पद्मजा सफाईनं बोलली. आकडा नव्वदच्या पुढे. दोन्ही मुलं बसली, पण बसताना एकमेकांकडे बघून त्यांनी खांदे उडवले. पद्मजानं ते बघितलं. मला तिचा चेहरा कळतो. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

तिसरी मुलगी उठली. बारीक, निळा सलवार-कुडता, पाठीवरची सॅक तशीच अडकवलेली. "रुखसार जमादार," ती म्हणाली. "सकाळी कॉलेज करते, दुपारनंतर एमआयडीसीत कपड्यांच्या युनिटला असते. मॅडम, दोन वर्षांमागं नगरपरिषदेनं विजेवरच्या दोन बस आणल्या. उद्घाटनाच्या फोटोत तुम्ही आहात. हार घातलेल्या बसमधून पहिली फेरी तुम्ही मारलीत. दुसरी फेरी कधी?"

हॉलमध्ये हशा पिकला. रुखसार हसली नाही.

"रुखसार, तुझा प्रश्न अगदी रास्त आहे," पद्मजा म्हणाली. "हा प्रश्न केवळ एका बसचा नाही, तर या शहरातल्या प्रत्येक कष्टकरी मुलीच्या स्वाभिमानाचा आहे. मी जेव्हा शिकत होते..." आवाज खाली आला, आठवण आली, शेवटी वाक्य वर चढलं. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. टॅबवर त्र्याण्णव.

रुखसार उभीच.

"ते कळलं, मॅडम. दुसरी फेरी कधी?"

"मी तुला सांगते. सार्वजनिक वाहतूक ही शहराची रक्तवाहिनी असते, आणि..."

"कधी, मॅडम?"

आवाज चढलेला नव्हता. मुलगी रागावलेलीही वाटत नव्हती. तिला फक्त ऐकायचं होतं. तिच्या शेजारची मुलगी उठली. मग पलीकडचा एक मुलगा. आधी बसलेले दोघेही परत उठले. बघता बघता वीसपैकी चौदा जण उभे. शिवलिंगअण्णांनी पहिल्या रांगेत डोक्याला हात लावला.

पद्मजानं तोंड उघडलं. मी ओठ वाचू शकत होतो, 'तुमचा' एवढं आलं होतं. मग तिनं तोंड मिटलं. तिनं बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडवलं. त्रिशलानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"माहीत नाही," पद्मजा म्हणाली.

हॉलमध्ये कुजबुज उठली.

"दुसरी फेरी कधी, मला माहीत नाही. बस आहेत, चार्जिंग आहे, ड्रायव्हर नाहीत. ड्रायव्हरची पदंच मंजूर झालेली नाहीत. उद्घाटनाला जो ड्रायव्हर होता, तो एका दिवसापुरता मागून आणला होता." ती थांबली. "आणि हे मला त्या दिवशी माहीत होतं. तरी मी हार घातलेल्या बसमध्ये बसले आणि फोटो काढून घेतला. चुकलं माझं."

कैवल्यच्या टॅबवरचा आकडा घरंगळत खाली आला. साठ, चाळीस, बावीस. त्यानं टॅब पालथा घातला आणि पुढे वाकून ऐकायला लागला.

"मग आम्ही काय करायचं?" रुखसारनं विचारलं.

"तू आत्ता कशी येतेस?"

"चालत. सुटायला साडेसात होतात. आम्ही सात-आठ जणी बरोबर चालतो. रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं, मग पगार त्यातच जातो. ओढ्याच्या पुलावर दिवे नाहीत. दोघींनी त्याच्यापायी काम सोडलं, मॅडम. एकीला घरच्यांनी कॉलेजमधूनच काढलं."

पद्मजानं हे सगळं मान खाली घालून ऐकलं. "मला पुलाचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ओढ्याचा तो रस्ता मी गाडीतूनच बघितलाय. उद्या संध्याकाळी मी येते. तुमच्याबरोबर चालत."

"फोटोवाला आणू नका."

"नाही आणत. नवऱ्याला आणते. टॉर्च धरायला."

या वेळी हॉल हसला, तेव्हा रुखसारही हसली. पण ती बसली नाही.

"ड्रायव्हरची पदं कोण मंजूर करतं?" पलीकडच्या मुलानं विचारलं. पद्मजानं सांगितलं. "प्रस्ताव पाठवलाय का?" "एकदा पाठवला होता, परत आला. का परत आला ते मी वाचलेलं नाही. वाचून सांगते." "तोवर रोजंदारीवर ड्रायव्हर घेता येत नाही का?" "येतं बहुतेक. पण माझी खात्री नाही. तू हे कुठं वाचलंस?" मुलगा सांगायला लागला. दुसऱ्या मुलीनं त्याला मधेच खोडून काढलं. पद्मजा तिच्याशी वाद घालायला लागली, चांगली हातवारे करत, फटकन, आमच्या स्वयंपाकघरात घालते तसा. तास संपल्याचं अधिकाऱ्यांना दोनदा सांगावं लागलं.

तास संपला तेव्हा नऊ जण उभे होते.

दुपारी समोरच्या उमेदवाराची सभा झाली. तिथं बाकीचे खांदे उडवून बसले, दोनच उभे राहिले. संध्याकाळी मोबाईलवर सगळीकडे तेच, चौगुले बाईंचा फज्जा, नऊ विरुद्ध दोन. शिवलिंगअण्णा आमच्याकडे आले, चहा प्यायले आणि जाताना फक्त "वहिनी..." एवढंच म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांनी पेढे आधीच वाटले होते ना!

कैवल्य निरोप घ्यायला आला तो मात्र भलताच उत्साहात. त्यानं त्या वीस जणांना गाठून विचारलं होतं, की आजचं तुमचं बोलणं मी नव्या यंत्राला शिकवायला वापरू का? "या खेपेला गुण परीक्षक देणार नाहीत," तो मला म्हणाला. "ज्यानं प्रश्न विचारला, तोच सांगेल की उत्तर मिळालं का. आणि हे यंत्र उमेदवारांच्या हातात देण्याआधी नगरपरिषदांना देईन. ठराव मांडायच्या आधीच त्यांना कळू दे, की कोण कशासाठी उठून उभं राहील."

"मग पोरं हो म्हणाली का?"

"बरेचसे म्हणाले. रुखसारनं विचारलं, त्यातून आम्हाला काय मिळणार?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"विचार करून सांगतो म्हटलं, काका. आठवड्यानं भेटायचं ठरलंय."

तो गेल्यावर पद्मजा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. दमली होती. त्रिशला आत आली.

"उद्या किती वाजता निघायचंय?"

"तू येणार?" पद्मजानं विचारलं.

"मत अजून ठरलेलं नाही माझं," त्रिशला म्हणाली. "पण येते."

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीच्या फाटकाबाहेर आम्ही तिघं उभे राहिलो. साडेसातला पोरी बाहेर पडल्या. आठ होत्या. आम्हाला बघून दोघी लाजल्या, एक म्हणाली, "खरंच आल्या ओ!" मग सगळे चालायला लागलो. मी टॉर्च धरून पुढे, कारण माझं काम तेवढंच ठरलं होतं. मागून एक ट्रक असा अंगावर आला, की आम्ही सगळे गवतात उतरलो. पुलावर खरोखर काळोख होता. पद्मजाचा पाय एका खड्ड्यात गेला आणि ती कळवळली. रुखसारनं तिला सावरलं आणि पुढचे खड्डे कुठं कुठं आहेत ते आधीच सांगत राहिली.

पूल ओलांडल्यावर रुखसारनं विचारलं, "मॅडम, राग नका मानू. निवडून नाही आलात तर?"

पद्मजा जराशी लंगडत चालत राहिली. मला तिच्या तोंडात शब्द द्यावासा वाटत होता, पण मी जीभ आवरली. पोरीही चालत राहिल्या, कुणी घाई केली नाही.

"माहीत नाही गं," शेवटी ती म्हणाली. "हरायची फार भीती वाटते मला. रात्री झोप लागत नाही. हरले तर चार दिवस तोंड दाखवणार नाही कुणाला. मग दिव्यांसाठी अर्ज करीन, नगरसेविका नसले तरी करता येतो. त्यापुढचं काही सुचलेलं नाही अजून."

कुणी टाळी वाजवली नाही. रुखसारनं "बरं," म्हटलं आणि सॅक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्रिशला माझ्याबरोबर पुढे चालत होती. ती थांबली. आई जवळ येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि मग तिच्या हातात हात घालून चालायला लागली.

"आई, माझं मत ठरलं."

"कुणाला?"

"गुप्त असतं ते," त्रिशला म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही.